थंडीतले पाहुणे : परसातलं दाणापाणी आणि पंधरा मिनिटांचं पक्षीनिरीक्षण



मागच्या डिसेंबरमधली गोष्ट. परिपाठ झाल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे शाळेच्या मागच्या परसात मूठभर ज्वारी टाकली आणि भिंतीआड बसलो. होले उतरले, चिमण्या उतरल्या. मुलं वहीत खुणा करत होती. तेवढ्यात चौथीतला एक मुलगा हळूच म्हणाला,

"बाई, शाळेत आपुन पाखरांना ज्वारी टाकतो. अन् घरी आजा मला गोफण देतो, पाखरं हाकल म्हणतो. मग पाखरू पाहुणं हाय का चोर?"

खरं सांगते, मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. आमची शाळा सोलापूर जिल्ह्यातल्या ज्वारीच्या पट्ट्यात आहे. वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी रब्बीची मालदांडी असते. त्यामुळे हा प्रश्न नुसता गमतीचा नव्हता, त्याच्या घरच्या पोटापाण्याचा होता. "पक्षी आपले मित्र आहेत" हे फलकावर लिहिणं सोपं आहे. पण ज्याच्या कणसातले दाणे रोज कमी होतात, त्याच्या नातवाला ते कसं पटणार? त्या प्रश्नाचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी हा उपक्रम आम्ही कसा करतो, त्यात काय चुकलं आणि काय जमलं, ते तुमच्यापुढे ठेवते. शाळेत करा, घरी करा, बाल्कनीत करा. खर्च जवळजवळ नाहीच.

हिवाळाच का निवडायचा?

पहिलं कारण म्हणजे पाहुणे. पाऊस संपता संपता उत्तरेकडून पक्षी आपल्याकडे यायला लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत जातात. उजनीच्या पाण्यावर येणारे पट्टकदंब हिमालय ओलांडून येतात, हे आपण मुलांना सांगतोच. पण पाहुणा बघायला धरणावर जायलाच पाहिजे असं नाही. पांढरा धोबी आणि काळा थिरथिरा हे दोघं थेट आपल्या अंगणात येतात.

दुसरं कारण म्हणजे झाडं. बरीच झाडं पानं गाळायला लागतात, त्यामुळे फांदीवरचा पक्षी मुलांना सहज दिसतो. पावसाळ्यात नुसता आवाज येतो, पक्षी काही सापडत नाही.

तिसरं कारण आपल्या सोयीचं. सकाळचं कोवळं ऊन मुलांनाही हवं असतं आणि पाखरांनाही. आठ-साडेआठला उन्हात बसून निरीक्षण करायला कुणी नाही म्हणत नाही.

शिवाय आपल्या राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. सालिम अलींची गोष्ट मुलांना जरूर सांगा. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणीसारखा पक्षी पाडला. त्याच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा कोणता पक्षी, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून त्यांचं सगळं आयुष्यच बदललं. एका मुलाला पडलेला एक प्रश्न आणि तो ऐकून घेणारं एक मोठं माणूस, एवढ्यावर ही गोष्ट उभी आहे. आपल्या वर्गात बेचकी घेऊन फिरणारा एखादा असतोच. त्याला ही गोष्ट आधी सांगा.

पाखरांना खाऊ घालणं गरजेचं आहे का?

हा प्रश्न पालक विचारतात आणि त्याचं प्रामाणिक उत्तर आपल्याला माहीत असायला हवं.

इंग्लंड-अमेरिकेत हिवाळ्यात लोक परसात दाण्याच्या नळ्या आणि चरबीचे गोळे टांगतात. तिथे बर्फाखाली बी-बियाणं आणि किडे झाकले जातात, रात्र मोठी आणि दिवस लहान असतो. छोट्या पक्ष्याला कडाक्याची रात्र काढायला दिवसभरात पोटभर खावंच लागतं. आपल्याकडे तसं नाही. आपल्या हिवाळ्यात शेतात ज्वारी, हरभरा, गहू उभा असतो, गवताचं बी पडलेलं असतं, किडे असतात. म्हणजे आपण दाणे टाकले नाहीत म्हणून आपल्या गावची पाखरं उपाशी मरणार नाहीत.

मग दाणे कशासाठी टाकायचे? पाखरू चार पावलांवर यावं आणि मुलांना ते नीट बघता यावं, यासाठी. हे एकदा आपल्याला कळलं की "किती जास्त टाकू?" हा प्रश्नच उरत नाही. मूठभर पुरे. एका वेळी संपेल एवढंच. रोजची सवय लावून त्यांना आपल्यावर अवलंबून ठेवायचं नाही. पाणी मात्र नियमाने ठेवा. ओढे-नाले आटत जातात तशी पाण्याची गरज वाढते. जानेवारीत लावलेली सवय एप्रिल-मेमध्ये खरी उपयोगी पडते.

आमच्या परसातली हजेरी

मुलांना सुरुवातीला दहा-बारा पक्षीच शिकवा. पुस्तकातले शंभर नकोत. प्रत्येकाची एकच ठळक खूण द्या.

चिमणी : नराच्या गळ्याखाली काळा डाग, मादी साधी भुरकट.

साळुंकी : डोळ्यामागे पिवळा पट्टा, पाय पिवळे, चाल ऐटबाज.

लालबुड्या बुलबुल : डोक्यावर बुटकी शेंडी, शेपटीखाली लाल. फळ ठेवलं की हमखास.

होला : कबुतराचा लहान भाऊ. जमिनीवरच दाणे टिपतो.

सातभाई : मातकट रंग, कायम टोळीत, कायम कलकलाट. पालापाचोळा उलथून किडे शोधतात. आमच्या मुलांनी यांचं नाव ठेवलंय "मधली सुट्टी".

शिंजीर : चोच बारीक, लांब, वाकडी. फुलातला मध पितो.

शिंपी : एवढासा जीव, आवाज केवढा! शेपटी उभी, पाठ हिरवट.

चिरक : काळसर, शेपटी वर. दगडावर, कुंपणावर बसतो.

कोतवाल : काळाभोर, शेपटी दुभंगलेली. तारेवर बसून उडते किडे टिपतो.

वेडा राघू : हिरवा, शेपटीतून एक काडी बाहेर आल्यासारखी. हाही तारेवरचा शिकारी.

आणि आता दोन पाहुणे. पांढरा धोबी हा काळा-पांढरा, तुरुतुरु चालणारा पक्षी. शेपटी सारखी वर-खाली आपटतो, म्हणून धोबी. काळा थिरथिरा चिमणीएवढा. नर वरून काळपट, पोट आणि शेपटी विटकरी. बसला की शेपटी थरथरते. आमच्या परसातल्या पडक्या भिंतीवर एक थिरथिरा येतो. तो पहिल्यांदा दिसला की मुलं फलकावर तारीख लिहितात आणि एप्रिलमध्ये दिसेनासा झाला की शेवटची तारीख लिहितात. "स्थलांतर" हा शब्द मग पाठ करावा लागत नाही.

मुलं एक प्रश्न विचारतातच, "बाई, पाखरांना थंडी वाजत नाही का?" त्यांना सकाळच्या पहिल्या उन्हातला होला किंवा साळुंकी दाखवा. पिसं फुगवून चेंडूसारखी झालेली असते. पिसांच्या आत हवा अडकते आणि अंगाची ऊब बाहेर जात नाही. पक्ष्याच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, साधारण 40 अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही थोडं अधिक असतं. ते टिकवायला ही पिसांची गोधडी. मुलांना एक जाड स्वेटर आणि दोन पातळ सदरे एकावर एक घालून फरक बघायला सांगा. अडकलेली हवा ऊब कशी राखते, ते तिथेच कळतं.

आमच्या चुका (तुम्ही करू नका)

पहिल्या वर्षी मी काय केलं? पोषण आहारातली उरलेली खिचडी एका ताटात घालून मेंदीच्या कुंपणाजवळ ठेवली. वाटलं, अन्न वायाही जात नाही आणि पाखरांचीही सोय. दोन दिवस कावळे आणि कुत्री आली. तिसर्‍या दिवशी एक होला आला आणि मेंदीत दबा धरून बसलेल्या मांजराने तो मुलांच्या डोळ्यांदेखत उचलला. नुसती पिसं राहिली. दुसरीतली एक मुलगी दोन दिवस परसाकडे फिरकली नाही. चूक मांजराची नव्हती, जागा मी चुकीची निवडली होती.

दुसरी चूक पाण्याची. मातीचं भांडं मोठ्या हौसेने भरलं आणि चार-पाच दिवस नुसतं वरून पाणी ओतत राहिलो. गावातल्या आशाताईंनी एकदा भांड्यात डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "मॅडम, पाखरं पाळताय का डास?" आत वळवळणार्‍या अळ्या होत्या. त्या दिवसापासून रोज सकाळी भांडं रिकामं करून, घासून, नवं पाणी भरायचं काम आळीपाळीने मुलांकडे आहे.

या चुकांतून ठरलेले आमचे नियम असे :

1. दाणे मोकळ्या जागेत, झुडपापासून चार-पाच हात लांब. पण जवळ एखादं झाड हवं, म्हणजे घाबरलं की पाखरू तिथे जाऊन बसेल.

2. बाजरी, ज्वारी, राळा, तांदळाची कणी चालते. बुलबुल-साळुंकीसाठी पिकलेली पपई, पेरू, केळ्याचा तुकडा. सगळं बिनमिठाचं.

3. शेव, फरसाण, चिप्स, बिस्किट, पाव, दूध नको. मीठ आणि तेल पाखरांना बाधतं, दूध त्यांना पचत नाही. बुरशी आलेलं तर मुळीच नको.

4. शिंजिरासाठी साखरपाणी ठेवू नका. त्यापेक्षा जास्वंदीची एक फांदी लावा.

5. पाण्याचं भांडं उथळ, बोटभर खोल, कडा खडबडीत. मधे एक दगड ठेवा, म्हणजे लहान पाखराला बसता येतं. पाणी रोज बदला.

6. उरलेले दाणे दुपारी झाडून घ्या, नाहीतर उंदीर येतात. जागा आठवड्याने बदला.

7. काम झालं की साबणाने हात धुवा. मेलेला किंवा आजारी पक्षी हाताने उचलायचा नाही, मोठ्यांना सांगायचं. जानेवारी 2021 मध्ये आपल्या राज्यात बर्ड फ्लू आला होता, हे विसरू नका. पाच-सहा पक्षी एकदम मेलेले दिसले तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

शहरातल्या पालकांसाठी एक वेगळी सूचना. फ्लॅटच्या खिडकीत किंवा गच्चीत धान्य टाकलं की कबुतरंच येतात आणि इतर पाखरांना जागा उरत नाही. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना त्रास देते, दम्याच्या माणसाला तर जास्तच. म्हणून बाल्कनीत धान्य नको. पाण्याचं उथळ भांडं ठेवा आणि तुळस, जास्वंद अशी फुलं येणारी झाडं कुंडीत लावा. शिंजीर, शिंपी, बुलबुल आपोआप येतील.

पंधरा मिनिटांचा पाठ

पहिली पाच मिनिटं नुसतं गप्प बसायचं. हेच सगळ्यात अवघड! पुढची दहा मिनिटं मोजायचं. आम्ही चार-चार मुलांचे गट करतो. एक बघतो, एक सांगतो, एक वहीत ताळ्याच्या खुणा करतो आणि एक वेळ बघतो. दुसर्‍या दिवशी कामं बदलतात.

वहीत पाच रकाने आखायचे : तारीख आणि वेळ, पक्ष्याचं नाव (माहीत नसेल तर रंग आणि आकार), किती होते, काय करत होते, कुठे बसले होते. "काय करत होते" हा रकाना सगळ्यात मोठा ठेवा. नाव चुकलं तरी चालेल, पण बघितलेलं खोटं लिहायचं नाही, हा आमचा नियम. एका मुलीने महिनाभर "तांबडी शेपटी, थरथर" एवढंच लिहिलं. नाव नंतर कळलं, पण निरीक्षण पहिल्या दिवसापासून अचूक होतं.

मोजताना एक काळजी घ्या. तेच पाखरू सारखं ये-जा करतं आणि मुलं ते पाच वेळा मोजतात. म्हणून एका वेळी एकदम दिसलेली सगळ्यात मोठी संख्या लिहायची. तीन साळुंक्या एकदम दिसल्या तर तीन. नंतर दोन आल्या तरी तीनच.

महिन्याच्या शेवटी खुणांवरून चित्रालेख काढायचा. गणित झालं. एका पक्ष्याबद्दल पाच वाक्यं लिहायची. भाषा झाली. चोच आणि खाणं यांची जोडी लावायची. परिसर अभ्यास झाला. चिमणीची चोच जाड आणि आखूड, दाणा फोडायला. शिंजिराची वाकडी नळीसारखी, मध प्यायला. बगळ्याची लांब भाल्यासारखी. घरातला अडकित्ता, ड्रिंकची नळी आणि चिमटा आणून हीच तुलना करा. तिसरीच्या मुलांनाही लगेच समजते.

ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी : दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट नावाची जगभरची पक्षीगणना होते. 1998 साली ती अमेरिकेत सुरू झाली आणि 2013 पासून भारतातले लोकही तिच्यात भाग घेतात. कुठेही, कमीत कमी पंधरा मिनिटं पक्षी मोजायचे आणि ई-बर्डवर नोंद करायची. मोबाईल शिक्षकाचा किंवा पालकांचा, मोजणी मुलांची. आपल्या परसातली चिमणी जगाच्या यादीत गेली, हे सांगितल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

आणि हो, हिवाळ्यातच संक्रांत येते. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच देशभर बंदी घातली आहे, तरी तो दुकानात मिळतो. झाडात अडकलेला मांजा पुढे कित्येक महिने पाखरांच्या पंखांत गुंतत राहतो. संक्रांतीच्या दुसर्‍या दिवशी आमची मुलं हाताला लागेल तेवढा मांजा गोळा करतात. उंचावरचा काढायला मोठी माणसं येतात.

पाहुणं का चोर?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येते. मी उत्तर देण्याऐवजी तो प्रश्न सगळ्या वर्गाला घरचा अभ्यास म्हणून दिला : घरातल्या थोरल्या माणसांना विचारून या. आणि त्या मुलाच्या आजोबांना शाळेत बोलावलं.

ते गोफण घेऊनच आले. परसात उभं राहून त्यांनी ती रिकामीच गरगर फिरवून "फट्" असा आवाज काढून दाखवला. मुलं खूश! मग म्हणाले, "बाई, पाखरू खातंय म्हणून शेती मोडत न्हाई. पर राखण न्हाई केली तर कडबा तेवढा घरी येतो. दाणा दुधात आला की भोरड्या ढगावानी उतरत्यात. मारायचं न्हाई, बसू द्यायचं न्हाई. आवाज पुरं."

भोरड्या म्हणजे गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या साळुंक्यांसारखे पक्षी. हे पण हिवाळी पाहुणेच, मध्य आशियाकडून येणारे. मी मुलांना सांगितलं की याच भोरड्या टोळ आणि नाकतोडेही फस्त करतात. आजोबांनी मान हलवली, पण म्हणाले, "खात असतील, पर ज्वारीबी खात्यात."

मग आम्ही एक दिवस त्यांच्या शेतावर गेलो. मुलांनी बांधाकडच्या ओळीतली आणि आतल्या ओळीतली कणसं बघितली. बांधाकडची जास्त टोचलेली, आतली कमी. शेजारच्या हरभर्‍यात इंग्रजी टी अक्षरासारख्या काठ्या रोवलेल्या होत्या. ते पक्षीथांबे. घाटेअळी खायला कोतवाल-साळुंकी येऊन बसावेत म्हणून ते लावायला कृषी विभागही सांगतो. एका थांब्यावर कोतवाल बसला होता. तो खाली झेपावला, काहीतरी टिपलं आणि परत जागेवर. पलीकडे उसाला पाणी चालू होतं, तिथे गायबगळे आणि साळुंक्या ओल्या मातीतले किडे वेचत होत्या.

म्हणजे एकाच माणसाच्या एका रानात पाखरं हाकलायची गोफण होती आणि बाजूच्याच रानात पाखरांना बसायला काठी होती. हे मी सांगितलं नाही, मुलांनी बघितलं.

त्या मुलाने वहीत लिहिलं, "पाखरू पाहुणं पण नाही, चोर पण नाही. त्याला भूक लागते. ज्वारी पिकली की हाकलायचं आणि अळी आली की बोलवायचं. पण दगड मारायचा नाही." मी त्याखाली लाल पेनने काहीच लिहिलं नाही. बरोबरची खूणसुद्धा केली नाही, कारण हा प्रश्न तपासायचा नव्हताच. आजोबांची ज्वारी त्या वर्षीही थोडी गेली. ते काही खोटं नाही, आणि मुलांसमोर ते लपवायचंही कारण नाही.

मुलांशी बोलायला काही प्रश्न

1. तुमच्या अंगणात सकाळी सगळ्यात आधी कोणता पक्षी बोलतो?

2. दाणे टाकल्यावर कोण आधी उतरतं? कोण कोणाला घाबरतं?

3. कोणता पक्षी चालतो आणि कोणता टुणटुण उड्या मारतो? (चिमणी आणि साळुंकी एकत्र बघा.)

4. पिंजर्‍यातला पोपट आणि पिंपळावरचा पोपट यांच्या दिवसात काय फरक असेल? (आपल्याकडचे रानातले पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही सांगा.)

5. तुमच्या घरी पाखरं कधी हाकलतात आणि कधी बोलावतात?

पाचवा प्रश्न घरी जेवताना विचारा, पालकहो. आजी-आजोबा असतील तर त्यांना आधी बोलू द्या. आमच्या गावात तरी सगळ्यात चांगली उत्तरं त्यांच्याकडूनच आली.

उद्या सकाळी एक उथळ भांडं, एक दगड आणि मुलाच्या हातात एक वही द्या. पंधरा मिनिटं त्याच्याबरोबर गप्प बसा. त्याला काय दिसलं, ते मला जरूर कळवा.